लाइव्ह सीडी अर्ध्या वाटेत थांबते तेव्हा

लाइव्ह सीडी म्हणजे मशीनवर काही न बसवता थेट डिस्कवरून चालणारी सिस्टिम. आपल्या सॉफ्टवेअरसह ती बनवायची तर मूळ आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) उघडायची, आत हवं ते सॉफ्टवेअर घालायचं, पुन्हा बांधायची आणि डिस्कवर राइट करायची. ऐकायला चार पायऱ्या. मी डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांवर अशा डिस्का बरीच वर्षं बनवतोय, आणि अजूनही पहिल्या फटक्यात चाललेली डिस्क पाहिली की जरा संशयच येतो. बिघाड मात्र तेच ते असतात. ते कुठे शोधायचे, कोणत्या क्रमाने शोधायचे आणि कुठे हात टेकायचे, ते लिहून ठेवतोय.

आज्ञा, फाइलींची नावं आणि पडद्यावरचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

लक्षणं

१. मशीन डिस्कला ओळखच दाखवत नाही. ड्राइव्ह दोन-तीनदा घुमतो आणि हार्ड डिस्कवरची नेहमीची सिस्टिम सुरू होते.

२. आयसोलिनक्सचं (सीडीवरून सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) नाव उमटतं आणि तिथेच अडतं. कधी 'इमेज चेकसम एरर, सॉरी' दिसतं, कधी 'फेल्ड टू लोड एलडीलिनक्स.सी३२'.

३. मेनू येतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू होतो, ओळी धावतात, आणि मग 'अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टम'. खाली इनिट्रॅमएफएसचा (मुख्य सिस्टिम सापडेपर्यंतची तात्पुरती छोटी सिस्टिम) प्रॉम्प्ट लुकलुकत बसतो.

४. डेस्कटॉप येतो, पण वाय-फाय नाही, आवाज नाही.

५. सगळं चालतं, सॉफ्टवेअरही जागेवर आहे, पण त्याच्या सेटिंग्ज तुम्ही केल्याच नव्हत्या अशा कोऱ्या.

६. अर्धा तास बरं चालतं, मग 'स्क्वॅशएफएस एरर' किंवा 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

तपासायला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लाइव्ह डिस्कमध्ये दोन घरं असतात. बाहेरच्या घरात बूटलोडर (सुरुवात करून देणारा प्रोग्रॅम), कर्नल आणि इनिटआरडी (इनिट्रॅमएफएस जिच्यात असते ती फाइल). आतल्या घरात, म्हणजे स्क्वॅशएफएसच्या दाबून बसवलेल्या फाइलीत, अख्खी सिस्टिम आणि तुमचं सॉफ्टवेअर. चरूट करून, म्हणजे उघडलेल्या फोल्डरलाच मूळ सिस्टिम मानून, आपण काम करतो ते आतल्या घरात. मशीन सुरू होते ती बाहेरच्या घरातून. वरची बहुतेक लक्षणं ही दोन घरं एकमेकांशी जुळत नसल्याची आहेत. डिस्क खराब निघण्याचे प्रसंग त्या मानाने कमी, पण ते तपासणं फुकट असतं म्हणून आधी तेच.

पहिली तपासणी: डिस्कवर नक्की काय गेलंय?

चालू मशीनमध्ये डिस्क घाला आणि फाइल मॅनेजरमध्ये उघडा. आत एकुलती एक आयएसओ फाइल दिसली तर ती इमेज म्हणून न लिहिता साधी फाइल म्हणून कॉपी झाली आहे. बर्निंगच्या प्रोग्रॅममध्ये 'इमेज राइट करा' अशा अर्थाचा वेगळा पर्याय असतो, तो घ्यायचा. आत 'लाइव्ह' किंवा 'कॅस्पर' नावाचं फोल्डर आणि 'आयसोलिनक्स' किंवा 'बूट' दिसलं तर लिहिणं बरोबर झालंय. हसू नका, ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही घाईच्या दिवशी.

इथेच आकारही बघून घ्या. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर असतात, प्रत्येकी २०४८ बाइट, म्हणजे ७३,७२,८०,००० बाइट. त्यापुढे सहसा जात नाही. लिब्रेऑफिस आणि गिम्प घातल्यावर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. उबुंटूने तर २०१२ साली १२.१० आवृत्तीपासून सीडीचा नादच सोडला. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. फाइल मॅनेजर २च्या घातांत मोजत असेल तर तेच ४.४च्या आसपास दिसतात आणि माणूस उगाच गोंधळतो. आपण नावाला लाइव्ह सीडी म्हणतो, हातात बहुतेकदा डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह असतो.

दुसरी: इमेज खराब की डिस्क?

या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. आयएसओ राइट न करता क्यूएमू किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत नकली मशीन चालवणारे प्रोग्रॅम) सीडी म्हणून लावा आणि २ जीबी मेमरी देऊन बूट करा. तिथे चालली तर इमेज धडधाकट आहे, दोष डिस्क, ड्राइव्ह किंवा त्या मशीनच्या मांडणीत. तिथेही त्याच ठिकाणी अडली तर डिस्का फुकट घालवू नका, सरळ पाचव्या तपासणीवर जा.

डिस्कवर संशय असेल तर चेकसम (डेटावरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळवा, पण एक खोच आहे. अख्खा ड्राइव्ह वाचून काढलेला चेकसम बरेचदा आयएसओशी जुळत नाही आणि डिस्क मात्र ठीक असते. ट्रॅक-अॅट-वन्स पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन रन-आउट सेक्टर असतात, ते ड्राइव्हला नीट वाचता येत नाहीत. (आयएसओ बनवणारी साधनं शेवटी १५० रिकामे सेक्टर जोडतात ते याचसाठी, पुढचं वाचून ठेवणाऱ्या ड्राइव्हची ठेच खऱ्या डेटाच्या बाहेर लागावी म्हणून.) तेव्हा आयएसओच्या बाइटना २०४८ने भागा, जेवढे सेक्टर येतील तेवढेच डीडीने (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारी आज्ञा) ड्राइव्हमधून वाचा आणि ते शा२५६समकडे (चेकसम काढणारी आज्ञा) पाठवा. आता जुळलं नाही तर डिस्क खरंच खराब. नवी घ्या, वेग कमी ठेवा, 'व्हेरिफाय'वर खूण करा.

उलटाही फसवा प्रकार आहे. डिस्कच्या मुळाशी एमडी५सम.टीएक्सटी नावाची यादी असते. स्क्वॅशएफएस बदलून ही यादी नव्याने बनवली नाही तर बूट होताना होणारी तपासणी 'एरर सापडली' म्हणते. डिस्क खराब नाही, यादी शिळी आहे.

तिसरी: मशीन डिस्ककडे बघतेय का?

पहिल्या लक्षणासाठी. सुरू करताना बूट मेनूची की दाबा (एफ१२, एफ९, एस्केप, जी त्या मशीनची असेल ती) आणि ड्राइव्ह हाताने निवडा. सेटिंग्जमधला क्रम बदलण्यापेक्षा हे बरं, कारण मागे काही बदल राहत नाही. यादीत ड्राइव्ह एकदाच दिसतो आणि त्याआधी 'यूईएफआय' (बायोसच्या जागी आलेली, मशीन सुरू करणारी नवी व्यवस्था) लिहिलेलं नसतं, आणि मशीन फक्त यूईएफआयने बूट होणारी असेल, तर तुमच्या आयएसओत यूईएफआयची सोयच नाही. तो दोष बांधणीचा, सहाव्या तपासणीत येईल.

सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर 'बॅड शिम सिग्नेचर' असा संदेश येऊ शकतो. वितरणाचा स्वतःचा सही केलेला कर्नल जसाच्या तसा वापरला तर हे होत नाही. स्वतः कंपाइल केलेला, सही नसलेला कर्नल घातला असेल तर होणारच. मशीन स्वतःची असेल तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून बघता येतं; पण त्यावर विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी आहे ना, याची खात्री करा. सिक्युअर बूट बदललं की बिटलॉकर ती की मागू शकतो, आणि की नसेल तर डेटाला कुलूप.

३२ बिटच्या प्रोसेसरवर ६४ बिटची डिस्क घातली तर कर्नल स्वतःच स्पष्ट सांगतो की मला एक्स८६-६४ सीपीयू हवा. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही, दुसरी डिस्क बनवायची.

चौथी: मेमरी

सहावं लक्षण. लाइव्ह सिस्टिममध्ये मूळ फाइली वाचण्यापुरत्याच असतात. जे काही लिहिलं जातं ते ओव्हरलेच्या वरच्या थरात, म्हणजे रॅममध्ये. हा थर सहसा एकूण रॅमच्या निम्म्याइतका वाढू शकतो. १ जीबीच्या मशीनवर ५१२ एमबी ही काही श्रीमंती नाही. ब्राउझरचा कॅश आणि दोन डाउनलोड झाले की संपली. म्हणून डेटाबेस किंवा सतत लॉग लिहिणारं सॉफ्टवेअर डिस्कमध्ये घालताना ते कुठे लिहितंय ते आधी बघा. डीएफ -एच चालवून मुळाच्या (/) ओळीत किती टक्के भरलंय ते पाहिलं की लगेच कळतं.

'स्क्वॅशएफएस एरर' आणि सोबत 'बफर आय/ओ एरर' असेल तर डिस्क किंवा ड्राइव्ह वाचताना अडखळतोय. डिस्क चेकसमला उतरली आणि तरीही त्याच मशीनवर हे येतंय, तर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. दाबलेल्या फाइलीत एक बिट इकडचा तिकडे झाला की अख्खा ब्लॉक उघडत नाही, त्यामुळे एरवी लपून राहणारी खराब रॅम लाइव्ह डिस्कवर लवकर उघडी पडते.

पाचवी: दोन घरांतला कर्नल एकच आहे का?

इथे जरा बसून वाचा, कारण तिसरं आणि चौथं लक्षण बहुतेक वेळा इथून येतं.

चरूटमध्ये शिरून आपण सॉफ्टवेअर घालतो, आणि हात शिवशिवतात म्हणून अॅप्ट अपग्रेडही (सगळी पॅकेजेस नवी करणारी आज्ञा) मारतो. त्यात नवा कर्नल येतो. तो बसतो आतल्या घराच्या बूट फोल्डरमध्ये, त्याची मॉड्यूल्स (कर्नल लागेल तेव्हा जोडतो ते ड्रायव्हरसारखे तुकडे) आतल्या लिब/मॉड्यूल्समध्ये. वर ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) केलं की जुनी मॉड्यूल्स गेली. बाहेरच्या घरात मात्र जुनाच कर्नल आणि जुनाच इनिटआरडी. आता बूट केलं की जुना कर्नल जुन्या इनिटआरडीच्या बळावर डिस्क शोधतो, स्क्वॅशएफएस जोडतो, डेस्कटॉपही आणतो. इथपर्यंतची मॉड्यूल्स इनिटआरडीतच होती. मग वाय-फायचं मॉड्यूल हवं असतं. कर्नल आपल्या नंबरचं फोल्डर शोधतो, ते नाही. हेच चौथं लक्षण. लोक इथे वाय-फायचा ड्रायव्हर शोधत दोन दिवस घालवतात.

दुसरा अर्धवटपणा याच्या उलट. बाहेरचा कर्नल बदलला, इनिटआरडी जुनाच राहिला. नव्या कर्नलला जुन्या इनिटआरडीतली मॉड्यूल्स चालत नाहीत, त्यामुळे सीडी ड्राइव्हच दिसत नाही आणि तिसरं लक्षण येतं. एकदा मी अगदी नेमाने दोन्ही फाइली कॉपी केल्या होत्या. आतल्या बूटमधल्या फाइलींच्या नावामागे आवृत्ती चिकटलेली असते. कर्नलचं नाव मी आठवणीने बदललं, इनिटआरडी मात्र 'इनिटआरडी.आयएमजी-६.१.०-२१-एएमडी६४' या पूर्ण नावानेच लाइव्ह फोल्डरात ठेवला. बूटलोडरच्या मेनूत नाव होतं नुसतं 'इनिटआरडी.आयएमजी'. ती जुनी, ६.१.०-१८ची फाइल शेजारीच बसलेली. बूटलोडरने इमानदारीत तीच उचलली. फोल्डरमध्ये सगळं दिसत होतं म्हणून तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

इनिट्रॅमएफएसचा प्रॉम्प्ट आला की मशीन बंद करू नका, तो प्रॉम्प्ट बोलका आहे. यूनेम -आर द्या (चालू कर्नलचा नंबर), मग एलएस /लिब/मॉड्यूल्स (इनिटआरडीतल्या मॉड्यूल्सचा नंबर). माझ्या पडद्यावर तेव्हा पहिल्या आज्ञेला ६.१.०-२१-एएमडी६४ आलं आणि दुसरीला ६.१.०-१८-एएमडी६४. दोन ओळी, निदान संपलं. आकडे सारखे असतील तर कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन (कर्नलला दिलेले पर्याय) बघा; डेबियनच्या डिस्कवर तिथे 'बूट=लाइव्ह' हवंच. मग बीएलकेआयडी: डिस्क आणि तिचं लेबल दिसलं तर ड्राइव्ह ठीक आहे, फाइल चुकीच्या जागी आहे. आणि या प्रॉम्प्टवर यूएसबी कीबोर्डच दाद देत नसेल तर तीही याच दोषाची खूण समजा, कारण डेबियनमध्ये कीबोर्डचं मॉड्यूलही इनिटआरडीतूनच येतं.

दुरुस्ती अशी. चरूटमध्ये लाइव्ह-बूट आणि लाइव्ह-बूट-इनिट्रॅमएफएस-टूल्स ही पॅकेजेस आहेत याची खात्री करा (उबुंटूवर कॅस्पर). ती नसतील तर बनणारा इनिटआरडी साध्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टिमचा असतो, त्याला लाइव्ह म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. मग अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल. 'ऑल' आठवणीने द्या, तिथे यूनेम -आरचा नंबर देऊ नका, कारण चरूटमध्ये यूनेम -आर यजमान मशीनच्या कर्नलचा नंबर सांगतो, आतल्या नव्हे. मग कर्नल आणि इनिटआरडीची जोडी, जोडीनेच, बूटलोडरला माहीत असलेल्या नावांनी बाहेर आणा. जुन्या फाइली शेजारी ठेवू नका. शेवटी एलएसइनिट्रॅमएफएसने नव्या फाइलीत डोकावून आवृत्तीचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

उबुंटूवर याच लक्षणाचं आणखी एक कारण असतं. कॅस्पर इनिटआरडीत एक यूयूआयडी (ओळख-क्रमांक) ठेवतो आणि डिस्कवरच्या '.डिस्क' फोल्डरात त्याची जोड. इनिटआरडी नवा बनवला की आकडा बदलतो, डिस्कवरचा जुनाच राहतो, आणि समोर असलेली डिस्क तो 'ही माझी नाही' म्हणून नाकारतो. कर्नलच्या ओळीत 'इग्नोर_यूयूआयडी' घालून बूट केलं आणि चाललं तर कारण हेच. मग नवा आकडा डिस्कवर उतरवा. उबुंटू डेस्कटॉपच्या नव्या आवृत्त्यांत स्क्वॅशएफएस एक नसून थरावर थर अशा अनेक फाइली असतात, तिथे 'फाइलसिस्टम.स्क्वॅशएफएस' शोधत बसू नका.

चरूटमधल्या बाकीच्या गमती पटकन सांगतो. सेटिंग्ज कोऱ्या दिसतात (पाचवं लक्षण) कारण लाइव्हचा वापरकर्ता बूट होताना जन्माला येतो आणि त्याचं घर /ईटीसी/स्केल या साच्यावरून बनतं. तुम्ही चरूटमध्ये रूट म्हणून केलेल्या सेटिंग्ज रूटच्याच घरात राहतात. त्या स्केलमध्ये ठेवा. पॅकेज घालताना सेवा सुरू करण्यावरून अडत असेल तर १०१ ('सेवा सुरू करू नका') परत करणारी पॉलिसी-आरसी.डी फाइल आधी ठेवा, काम झाल्यावर काढा. स्नॅप पॅकेजेस चरूटमध्ये सरळ बसत नाहीत, कारण मागचा डिमन (पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्रॅम) तिथे चालत नसतो. शक्य असेल तर डेब पॅकेज घ्या. /ईटीसी/मशीन-आयडी रिकामी करा, नाहीतर एकाच डिस्कवरून उठलेली दोन मशीन काही नेटवर्कांत एकच आयपी मागतात. एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा) घातला असेल तर त्याच्या होस्ट की पुसा आणि बूट होताना नव्या बनतील अशी सोय करा. सगळ्या डिस्कांवर एकच की म्हणजे सगळ्या घरांना एकच किल्ली.

आणि हे मात्र ठळक: चरूटमधून बाहेर आल्यावर देव्ह, प्रॉक, सिस हे यजमान मशीनमधून जोडलेले फोल्डर सगळे अनमाउंट झाले का ते माउंटची यादी काढून बघा, मगच फोल्डर पुसा. मी एकदा देव्ह जोडलेलं असताना आरएम -आरएफ (फोल्डर मुळासकट पुसणारी आज्ञा) चालवलं आणि माझ्याच चालत्या मशीनचं देव्ह/नल उडालं. देव्ह मेमरीत असतं, रीबूट केल्यावर परत आलं. होम जोडलेलं असतं तर आलं नसतं.

सहावी: बाहेरचं घर पुन्हा बांधणं

पहिलं आणि दुसरं लक्षण अजून उरलं असेल तर दोष आयएसओ बांधण्यात आहे. सीडीवरून बूट होण्याची एल टोरिटो ही पद्धत १९९५ सालची, आणि आयसोलिनक्सला त्यात तीन गोष्टी लागतात: एम्युलेशन नको, लोड साइज ४, आणि बूट-इन्फो-टेबल. शेवटचा पर्याय राहिला की आयसोलिनक्स.बिनच्या सुरुवातीला भरायची ५६ बाइटची माहिती भरली जात नाही. चेकसमची तक्रार तिथून येते. एलडीलिनक्स.सी३२ची तक्रार म्हणजे सिसलिनक्स (आयसोलिनक्स ज्याचा भाग आहे तो संच) ५ किंवा पुढचा असून ती फाइल नाही, किंवा आहे पण वेगळ्या आवृत्तीची. आयसोलिनक्स.बिन आणि सगळ्या सी३२ फाइली एकाच पॅकेजातून घ्या, मिसळ करू नका.

खरं तर मी आता हे पर्याय हाताने लिहीतच नाही. एक्सोरिसोला (आयएसओ बांधणारं साधन) मूळ आयएसओ -इनडेव्ह म्हणून द्या, नवी फाइल -आउटडेव्ह म्हणून, बदललेली स्क्वॅशएफएस -मॅपने तिच्या जागी बसवा, कर्नल-इनिटआरडीही तसेच, आणि शेवटी -बूट_इमेज एनी रिप्ले. मूळ इमेजची बायोस, यूईएफआय आणि पेनड्राइव्हवरून बूट होण्याची सगळी मांडणी तो जशीच्या तशी उचलतो. हे सापडल्यापासून दुसरं लक्षण माझ्याकडे फिरकलेलं नाही. मूळ आयएसओ नसेल आणि अगदी शून्यातून बांधायचं असेल तर डेबियनचं लाइव्ह-बिल्ड वापरा. पॅकेजची यादी एका फाइलीत लिहायची, बांधणी तो करतो.

स्क्वॅशएफएस ४ जीबीच्या वर गेली तर आयएसओ लेव्हल ३ लागते, आणि फॅट३२च्या पेनड्राइव्हवर ती फाइल कॉपी होत नाही. आधी चरूटमध्ये अॅप्ट क्लीन (उतरवलेल्या पॅकेज फाइली पुसणारी आज्ञा) करा. बरंच वजन तिथेच उतरतं.

कुठे थांबायचं

वितरणाची मूळ, न बदललेली डिस्क त्या मशीनवर चालते का ते बघा. तीही चालत नसेल तर तुमच्या बांधणीत काही शोधू नका. ड्राइव्ह, रॅम किंवा मदरबोर्डचं काम आहे, ते हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. मेमटेस्टने लाल ओळी दाखवल्या तरी तेच.

मशीन कार्यालयाची किंवा संस्थेची असेल तर सिक्युअर बूट, बायोसचा पासवर्ड, बिटलॉकर यांना हात लावण्याआधी तिथल्या सिस्टिम अॅडमिनला विचारा. स्वतःच्या कर्नलवर सही करून तो बऱ्याच मशीनवर चालवायचा असेल तर ते कामही जाणकाराकडेच द्या. सहीच्या की चुकीच्या नोंदवल्या तर काही फर्मवेअर पुढे बूट होण्यालाच अडवतात.

आणि पेनड्राइव्हवर इमेज लिहिताना डीडीला चुकीच्या डिस्कचं नाव दिलं गेलं, तर लगेच मशीन बंद करा. 'जरा बघू तरी' म्हणून काही इन्स्टॉल करू नका, फॉरमॅट करू नका, फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी साधनं चालवू नका. ज्यावर इमेज लिहिली गेली तो भाग गेलाच आहे. उरलेल्यातलं काय वाचतं ते डेटा रिकव्हरीवाला सांगेल, आणि त्याच्या हातात ती डिस्क जितकी कमी छेडलेली जाईल तितकं जास्त वाचेल.